ठाण्याच्या गच्चीवरून तेजोमेघ दिसतो तरी कसा?

गेल्या मार्गशीर्षात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. काळ्या आकाशात पंख पसरलेल्या पाखरासारखा गुलाबी-लाल ढग, मधोमध पांढरा लखलखाट. खाली लिहिलं, ‘आपल्याच गच्चीवरून, काल रात्री.’ टँकरच्या बिलावरून चाललेली वादावादी पाच मिनिटं थांबली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘एआयने केलंस का गं?’ पाठोपाठ एका वहिनींचा मेसेज, ‘एवढा मोठा ढग आहे तर मला डोळ्यांनी का दिसत नाही?’ आणि तिसरा प्रश्न, जो आपल्याकडे कधीच चुकत नाही: ‘दुर्बीण केवढ्याला पडली?’

तिन्ही प्रश्न रास्त होते. जुलै २०२२ पासून अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीची रंगीबेरंगी चित्रं फॉरवर्ड होत आली आहेत. काही फोन चंद्राच्या फोटोत स्वतःच खड्डे-डाग भरतात, यावरून २०२३ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. त्यात आता एआयची चित्रं. माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? ग्रुपवर मी तीन ओळींत उत्तर दिलं आणि कुणाचंच समाधान झालं नाही. म्हणून हे सविस्तर.

हा ढग आहे तरी कसला?

ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू आणि धूळ पसरलेली असते. ती जिथे दाटून येते आणि उजेडामुळे, किंवा उजेड अडवल्यामुळे, आपल्याला दिसते, त्याला तेजोमेघ म्हणतात, इंग्रजीत नेब्युला. ‘दाटून येते’ हेही आपलं म्हणण्यापुरतं. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे २५ अब्ज अब्ज रेणू असतात. तेजोमेघात तेवढ्याच जागेत काही शे, फार तर काही हजार अणू. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत एवढी पोकळी करायची म्हटली तरी कठीण. पण हा विरळ वायू कित्येक प्रकाशवर्षं खोल पसरलेला असतो, म्हणून सगळा मिळून नजरेत भरतो.

माझ्या फोटोतला ढग मृग नक्षत्रातला. मृगाच्या पोटात रुतलेला बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे, ठाण्यातूनही सहज दिसतात. त्यांच्या खाली तीन मंद ठिपके लटकलेले असतात. त्यातला मधला ठिपका म्हणजे हा तेजोमेघ. खगोलशास्त्राच्या यादीत त्याचं नाव एम-४२. अंतर साधारण १,३५० प्रकाशवर्षं. म्हणजे त्या रात्री माझ्या कॅमेऱ्यात जो उजेड पडला तो तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

तो उजळतो कशाने? त्याच्या पोटात नुकतेच जन्मलेले, अतिशय तापलेले तारे आहेत. त्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना ठरावीक रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. दुकानावरच्या निऑनच्या पाटीत वायूला वीज चेतवते, इथे ताऱ्याचे किरण, एवढाच फरक. हायड्रोजनचा तो ठळक लाल रंग ६५६.३ नॅनोमीटरचा. त्याला एच-अल्फा म्हणतात. हे एक नाव लक्षात ठेवा, पुढे दोन-तीनदा लागेल.

सगळे तेजोमेघ असे स्वतः पेटत नाहीत. कृत्तिकांभोवतीची निळसर झाक म्हणजे ताऱ्यांच्या उजेडात चमकणारी नुसती धूळ. आणि काही ढग तर मागचा उजेड अडवून काळ्या सावलीसारखे दिसतात. या दोन जाती शहरवाल्यांना फार छळतात. का, ते पुढे येईलच.

दुर्बीण केवढ्याला पडली?

पडलीच नाही. तो फोटो जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याने आणि १३५ मिलिमीटरच्या लेन्सने काढला आहे. लग्नातले फोटोग्राफर नवरीचा चेहरा टिपायला वापरतात, त्या पठडीतली लेन्स.

हे ऐकून लोकांना वाटतं मी काहीतरी लपवते आहे. त्याचं कारण आपल्या डोक्यात बसलेला एक समज: आकाशातली वस्तू दिसत नाही म्हणजे ती फार लहान आहे, म्हणून मोठी करून पाहायला हवी. शनीची कडी पाहायची तर ते खरं आहे. तेजोमेघांचं तसं नाही. मृगातला हा ढग पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद आहे. हंस या तारकासमूहात एक तेजोमेघ उत्तर अमेरिकेच्या नकाशासारखा दिसतो, तो चंद्राच्या चौपट. आणि मृगाला वेढणारं बर्नार्डचं कडं इतकं अवाढव्य आहे, की हात लांब करून मूठ धरली तर मुठीआडही मावणार नाही. (लांब धरलेली मूठ आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. चंद्र फक्त अर्धा अंश.)

थोडक्यात, हे ढग लहान नाहीत, मंद आहेत. त्यांना मोठं करायची गरजच नाही. मोठं केलं तर ते चौकटीबाहेर जातात. लागतो तो रुंद पट्टा टिपणारा कॅमेरा, काळोख आणि भरपूर वेळ. या प्रकाराला ‘वाइड फील्ड’ म्हणजे रुंद पट्ट्याची छायाचित्रणकला म्हणतात.

आणि हा काही आजचा जुगाड नाही. एडवर्ड बर्नार्ड हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पोरवयातच नॅशव्हिलच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागला होता. पुढे १८८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत, जिथे तेव्हाची जगातली सर्वात मोठी भिंगाची दुर्बीण होती, तिथे त्याने आकाशगंगेचे फोटो काढायला काय वापरलं? स्टुडिओत माणसांचे फोटो काढायची सेकंड-हँड लेन्स. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा केवढासा तुकडा दिसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग डोळ्यांना का दिसत नाही?

पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली आपण बादली ठेवतो. थेंब थेंब पडत राहतो आणि सकाळी बादली भरलेली असते. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे अशा लाखो इवल्या बादल्यांची रांग. शटर उघडं आहे तोवर प्रत्येक बादलीत प्रकाशाचे थेंब साठत राहतात. डोळ्याला ही सोय नाही. डोळा सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात बादली उपडी करून मोकळा होतो. नाहीतर चालणाऱ्या माणसाची आपल्याला रेघच दिसली असती.

दुसरी अडचण रंगाची. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि एच-अल्फाच्या लाल प्रकाशाला तर त्या जवळपास आंधळ्याच आहेत. म्हणून गावी, अगदी काळ्या आकाशाखाली, चांगल्या दुर्बिणीतूनही मृगाचा तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. आकाशदर्शनाला पहिल्यांदा आलेल्या माणसाचा इथे हमखास विरस होतो. मी आता आधीच सांगून टाकते, की धुक्याचा बोळा दिसेल, त्याचाच आनंद माना.

मृगाच्या या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला. त्याआधी लोक दुर्बिणीला डोळा लावून पेन्सिलीने चित्रं काढत. ड्रेपरने बादली ५१ मिनिटं उघडी ठेवली होती.

पण तारे तर सरकतात

बरोबर. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. दर दोन मिनिटांना एक चंद्र. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून शटर उघडं टाकलं तर ताऱ्यांचे ठिपके न राहता रेघा होतात. जत्रेतल्या चक्री पाळण्यात बसून खाली उभ्या माणसाचा फोटो काढायला जावं, तसं.

यावर उपाय दोन. एक म्हणजे उजेड पडायची वेळ अगदी कमी ठेवायची. ढोबळ नियम असा, की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद चालतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ५०० ऐवजी ३०० घ्या. म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला सहा सेकंद. मी तर चारच धरते. नियम फिल्मच्या काळातला आहे, आजचे सेन्सर बारीकशी रेघही दाखवतात.

दुसरा उपाय म्हणजे ट्रॅकर. ही ट्रायपॉडवर बसणारी, एका बऱ्या स्मार्टफोनच्या किमतीची छोटी मोटर. तिचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखला की ती पृथ्वीच्या उलट, त्याच वेगाने कॅमेरा फिरवत राहते आणि मग दोन-दोन मिनिटांचे फोटो काढता येतात. ध्रुव क्षितिजापासून किती वर, तर आपल्या गावाच्या अक्षांशाइतका. ठाणं १९ अंशांवर, म्हणजे उत्तरेला दोन मुठींहून किंचित खाली. आमच्या गच्चीवरून नेमका तिथे घोडबंदरच्या बाजूचा टॉवर उभा आहे. ध्रुवबाळाला अढळपद देताना देवाने एफएसआयचा विचार केलेला दिसत नाही. आता ध्रुव न दिसताही बाकीच्या ताऱ्यांवरून आस जुळवून देणारी सॉफ्टवेअर आहेत, म्हणून निभावतं.

एकाऐवजी दोनशे फोटो कशाला?

इथे खरी गोम आहे. हा भाग समजला की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून जरा थांबून वाचा.

पावसाचे थेंब मोजून-मापून पडत नाहीत. शेजारी-शेजारी दोन सारख्या बादल्या ठेवल्या तरी एकीत ९५ थेंब पडतील, दुसरीत १०८. सरासरी १०० असेल तर साधारण १० चा फरक पडतोच; १०,००० असेल तर १०० चा. थेंबांच्या संख्येचं वर्गमूळ, असा हा हिशोब. प्रकाशाचंही हुबेहूब तसंच. या अंगभूत चढउतारामुळे फोटोवर जी वाळू पसरल्यासारखी दिसते, तिला फोटोग्राफर नॉइज म्हणतात. आपण खरखर म्हणू.

आता ठाण्याची बादली घ्या. समजा एका फोटोत तेजोमेघाचे १० थेंब पडले आणि शहराच्या उजेडाचे १,०००. ते १,००० सरसकट वजा करता येतील, पण त्यांचा सुमारे ३२ चा चढउतार कसा वजा करणार? तो प्रत्येक बादलीत वेगळा. १० थेंबांचा ढग ३२ च्या खरखरीत बुडून जातो. हेच वहिनींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

पण असे १०० फोटो एकावर एक रचून बेरीज केली तर? तेजोमेघाचे झाले १,०००. शहराचे झाले १,००,०००, आणि त्यांचा चढउतार वर्गमूळाने, म्हणजे फक्त ३१६. आता १,००० विरुद्ध ३१६! ढग वर आला. त्यात कुणी काही काढलं नाही, रंगवलं नाही. तो पहिल्या फोटोतही होताच, खरखरीखाली दडलेला.

या रचण्याला स्टॅकिंग म्हणतात. पतसंस्थेचा माणूस रोज दुकानात येऊन पिग्मीचे वीस-पन्नास रुपये घेऊन जातो, तसं. एका दिवसाच्या पावतीला किंमत नाही. वर्षाअखेरीला मात्र रक्कम जमलेली असते. आणि ही पिग्मी एकाच रात्री भरायला हवी असंही नाही. माझ्या त्या फोटोत तीन रात्रींचे मिळून सव्वादोन तास आहेत. (‘काल रात्री’ लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. शेवटचा हप्ता काल रात्रीचा होता.)

रचणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही दोन फुकट मिळतात. ती फोटोंतले तारे ओळखून एकमेकांवर तंतोतंत बसवतात. मधूनच विमान किंवा उपग्रह रेघ ओढून गेला असेल तर ‘ही रेघ बाकीच्या फोटोंत नाही’ हे ओळखून ती बाद करतात. ठाण्यावरून जाणारी विमानं मोजली तर ही सोय म्हणजे उपकारच.

सोबत दोन प्रकारचे रिकामे फोटोही काढावे लागतात. लेन्सवर झाकण लावून काढलेले, ज्यात सेन्सरचे स्वतःचे दोष उमटतात. आणि लेन्सवर पांढरा सुती बनियन ताणून काढलेले, ज्यात काचेवरची धूळ आणि कोपऱ्यांतला अंधार कळतो. दोन्ही हिशोबातून वळते करायचे.

ठाण्याच्या उजेडात हे शक्य कसं?

आकाश किती उजळ आहे हे सांगायला जॉन बोर्टल या हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पहिली पायरी म्हणजे निबिड काळोख, नववी म्हणजे महानगराचा मध्य. ठाणं, वाशी, नेरूळ सगळे आठ-नऊमध्ये येतात. माळशेज घाटाकडे आकाश कितीतरी काळं आहे. समजा ते आपल्यापेक्षा १६ पट काळं असेल, तर वरच्या बादलीच्या हिशोबाने घाटातला एक तास म्हणजे ठाण्यातले १६ तास.

पाठीला ट्रायपॉड लावून घाटात जाण्याचं सगळं अर्थशास्त्र या एका आकड्यात आहे.

त्यात दिवेही बदलले. जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांचा उजेड मुख्यतः एका पिवळ्या पट्ट्यात असायचा; तेवढा पट्टा अडवणारा फिल्टर लावला की बरंचसं काम भागायचं. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग मिसळलेले, त्यामुळे ते जुने फिल्टर आता फारसे उपयोगी नाहीत. एलईडीने वीज वाचली याबद्दल माझी तक्रार नाही. पण बऱ्याच दिव्यांना वरून झाकण नसतं, म्हणून काही उजेड रस्त्याऐवजी ढगांना मिळतो, त्याबद्दल आहे. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर एकदा ढगाळ रात्री वर बघा; ढगाचं पोट उजळलेलं दिसेल. तो तुमच्या-आमच्या करातून लागलेला दिवा.

मग गच्चीवरून फोटो कसा निघाला? तेजोमेघाच्या एका स्वभावामुळे. तो सगळ्या रंगांत चमकत नाही, दोन-तीन ठरावीक रेघांतच चमकतो: एच-अल्फाची लाल आणि ऑक्सिजनची ५०० नॅनोमीटरजवळची निळसर हिरवी. दृश्य प्रकाशाचा सगळा पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटर रुंद. त्यात या दोन रेघांपुरत्या अगदी अरुंद फटी उघड्या ठेवणारे ‘ड्युअल बँड’ फिल्टर मिळतात. सेफ्टी डोअरच्या साखळीतून फक्त ओळखीच्या माणसाला आत घ्यावं, तसे हे दोनच रंग आत सोडतात. शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो.

पण कृत्तिकांच्या धुळीचा निळा उजेड हा ताऱ्यांचाच परावर्तित प्रकाश. तो सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावला तर तोही अडतो. म्हणून धुळीचे ढग गच्चीवरून टिपायच्या भानगडीत मी पडत नाही. त्यासाठी घाटच गाठायचा.

येऊर जवळ आहे की, असं बरेच जण सुचवतात. येऊरचा डोंगर झाडांमुळे काळोखा वाटतो. त्याच्यावरचं आकाश ठाण्याचंच असतं. शिवाय तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग, रात्री तिथे बिबट्याचा हक्क पहिला. त्यापेक्षा कल्याण-मुरबाडवरून माळशेजकडे निघा. रस्त्याकडेला थांबण्यापेक्षा कुणाच्या तरी शेतात विचारून, चार-पाच जणांनी मिळून जावं. खगोल मंडळ ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन करत आली आहे. एकट्याने धडपडण्यापेक्षा अशा एखाद्या रात्री जाऊन बसलात तर चार गोष्टी फुकट शिकाल. आणि महाराष्ट्राबाहेर जायलाच हवं असंही नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं आंतरराष्ट्रीय दर्जाचं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि ते आपल्या विदर्भात आहे.

जायचं अर्थात अमावस्येच्या आसपास, चंद्राचा उजेड नको म्हणून. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. ‘सगळं जग अमावस्येला घरात बसतं आणि ही घाटात जाते.’

रंग खरे की भरलेले?

काकांच्या प्रश्नाकडे वळू. कॅमेऱ्याने पकडलेला लाल हा हायड्रोजनचाच लाल. उलट नेहमीचे कॅमेरे तो कमीच दाखवतात. सेन्सरपुढे बसवलेली काच लालच्या टोकाचा प्रकाश अडवते, माणसांचे चेहरे तांबडे दिसू नयेत म्हणून, आणि त्यात एच-अल्फाचा जेमतेम पाव हिस्सा आत येतो. काही हौशी लोक ती काच काढून टाकतात. अशा कॅमेऱ्याने नंतर घरच्या बारशाचे फोटो काढले की सगळे उन्हात भाजल्यासारखे दिसतात, हे आधी सांगून ठेवते.

आपण संगणकावर करतो ते मुख्यतः ‘ताणणं’. मंद भागाचा उजेड वाढवायचा, तेजस्वी भाग फुटू द्यायचा नाही. हळू आवाजातल्या रेकॉर्डिंगचा व्हॉल्यूम वाढवण्यासारखं. नवीन सूर त्यात येत नाही.

मात्र एक वेगळी पद्धत आहे. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीच्या अनेक प्रसिद्ध चित्रांत गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून रंग वाटून दिलेले. शाळेच्या नकाशात महाराष्ट्र गुलाबी आणि गुजरात पिवळा असतो, तसं. वेबचा प्रकाश तर बहुतांश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, तिथे रंग नेमून द्यावेच लागतात. हे खोटं नाही, पण फोटोखाली तसं लिहावं एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि काका पूर्ण चुकीचे नाहीत. आता धूसर तपशील रेखीव करणारी, तारे पुसून परत बसवणारी, एआयवर चालणारी साधनं या छंदातही आली आहेत, आणि त्यांवरून हौशी लोकांतच भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर खरखर कमी करण्यापर्यंत ठीक. नसलेला तपशील ‘रेखीव’ होऊ लागला की आपण फोटो काढत नसून ऐकीव गोष्ट सांगत असतो. ओळखायची सोपी खूण: फोटो टाकणाऱ्याला एकूण किती तास, कुठून, कोणत्या लेन्सने हे विचारा. खरं काम केलेला माणूस हे तीन आकडे झोपेतही सांगतो, आणि मग थांबवता थांबत नाही.

हबल, वेब असताना ही हौस कशाला?

हबलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत चंद्राच्या रुंदीचा साधारण नववा हिस्सा मावतो. मृगाच्या या एका तेजोमेघाचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेलं हबलचं चित्र ५२० फोटो जोडून केलेलं आहे. बर्नार्डचं अख्खं कडं एका चौकटीत हवं असेल तर हबल कामाचा नाही, साधी ५० मिलिमीटरची लेन्स आहे.

अधूनमधून शास्त्रालाही याचा फायदा होतो. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जे मॅक्नील या हौशी निरीक्षकाला त्याच्या तीन इंची दुर्बिणीच्या फोटोत, मृगातच, आधीच्या नकाशांत नसलेला एक इवलासा तेजोमेघ दिसला. एक कोवळा तारा अचानक उजळल्याने आजूबाजूचा ढग उजळला होता. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. असं लाखांत एकाला होतं. त्या आशेवर कॅमेरा घेऊ नका.

आपल्याला आणखी एक फायदा आहे, जो आपण विसरतो. धनू राशीतले काही सुंदर तेजोमेघ लंडनवाल्याला क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर दिसतात, घरांच्या धुराड्यांमध्ये. आपल्याकडे ते ४५ अंशांच्या वर येतात.

पाऊस आणि बुरशी

आता तोटा. धनू राशी रात्रभर दिसते ती जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात. त्यामुळे तिला मार्च-एप्रिलच्या पहाटे किंवा मेच्या मध्यरात्री गाठायचं. मृगाचं मात्र छान जमतं. ‘मृगाचा पाऊस’ ७-८ जूनला सुरू होतो असं आपण म्हणतो. त्याचा अर्थच हा, की तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात असतो आणि मृग रात्री दिसत नाही. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, सूर्य बरोबर समोरच्या बाजूला आणि मृग संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आकाशात. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या कॅलेंडरनेच ठरवून दिलंय, की पेरणीच्या नक्षत्राचा फोटो थंडीत काढायचा.

खाडीकाठच्या दमट हवेत मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं आणि तारे हळूहळू कापसासारखे फुगतात. लेन्सभोवती गुंडाळायचा गरम पट्टा मिळतो, तो पॉवर बँकवर चालतो. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून लेन्स ठेवा. माझी पहिली ५० मिलिमीटरची लेन्स कपाटात रेशमी साड्यांशेजारी ठेवली होती. गणपतीत उघडली तर काचेच्या आत बुरशीचं जाळं. त्यातून काढलेला प्रत्येक तारा नेब्युलाच दिसायचा.

पहिली रात्र

फोनने होईल का? नव्या फोनच्या रात्रीच्या मोडमध्ये, ट्रायपॉडवर ठेवून, मृगाचा तेजोमेघ गुलाबी ठिपक्याएवढा उमटतो. खात्री पटवायला पुरेसा. कॅमेरा, मोटर आणि रचणं सगळं एका डब्यात असलेल्या सीस्टारसारख्या स्मार्ट दुर्बिणीही आल्या आहेत. फोनवर नाव निवडा, बाकी ती बघते. काहींना ते आवडतं. मला स्वतः बादल्या मोजायला आवडतं.

पण सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका. घरात कुणाचा तरी जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स पडलेली असते. डिसेंबर-जानेवारीतली चंद्र नसलेली रात्र बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोटो रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न बदललेल्या स्वरूपात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र २.८, वेळ चार सेकंद. फोकस स्वयंचलित ठेवू नका आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबू नका. व्याधाचा तारा पडद्यावर दहापट मोठा करून, तो बारीकात बारीक दिसेपर्यंत हाताने रिंग फिरवा. मग मृगाचा बाण चौकटीच्या मधोमध घ्या आणि दोनशे फोटो काढा. मध्ये दोन-तीनदा चौकट पुन्हा नीट करावी लागेल, मृग सरकत असतो. एकूण उजेड जमला तेरा मिनिटं वीस सेकंदांचा.

पहिला फोटो पाहून निराश व्हाल. करडं आकाश, चार ठिपके. तो पुसून टाकू नका, दोनशेपैकी एक आहे.

आणि गच्चीची किल्ली रात्री अकराच्या आत वॉचमनकडून मागून ठेवा. त्यानंतर तो झोपतो.